गेट नंबर दोनच्या बंदराचा कप्तान

कोंडाजी हुंबे यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. कंपनीची सहल एकदा अलिबागला गेली होती, पण ती कायम कामगारांची होती आणि कोंडाजी ठेक्यावरचे. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बसमध्ये बसवून दिलं, जेवणाची पातेली मागच्या डिकीत नीट रचली आणि "समुद्राला आमचा रामराम सांगा" म्हणून हात हलवला. असे हे कोंडाजी आता चाकणच्या एका कारखान्यात, कागदोपत्री आणि सहीशिक्क्यानिशी, जहाजाचे कप्तान आहेत. कारखाना मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनवतो.

ते मूळचे भूम तालुक्यातले. चोविसाव्या वर्षी त्यांना एसटीत चालकाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. म्हणजे निघालं होतं. गावात टपाल आणणारा माणूस वाटेत एका लग्नाला थांबला, त्याची पिशवी बुंदीच्या टोपल्यांमागे गेली आणि नऊ दिवस तिथंच राहिली. पत्र कोंडाजींच्या हातात पडलं तेव्हा त्यावर तुपाचा डाग होता आणि मुलाखत होऊन चार दिवस झाले होते. त्याबद्दल ते कुणाला शिव्या देत नाहीत. फक्त दुसऱ्याचं पत्र हातात आलं की ते पोचेपर्यंत त्यांना पाणी गोड लागत नाही, एवढंच.

पुढे ते चाकणला आले आणि कारखान्याचा छोटा हत्ती टेम्पो चालवू लागले. सकाळी चिंचवडच्या हेड ऑफिसातून टपालाची पिशवी घ्यायची, भोसरीत रंगवायला दिलेल्या बिजागऱ्या भरायच्या, मोशीचा सिग्नल, इंद्रायणीचा पूल आणि दुपारपर्यंत चाकण. अकरा वर्षांत तीन ठेकेदार झाले. कोंडाजी तेच, गाडी तीच. गळ्यातल्या ओळखपत्रावर ठेकेदाराचं नाव आणि हिरवी दोरी. कायम माणसाची दोरी निळी असते.

यंदा चौथा ठेकेदार येणार होता आणि त्याची अट होती, पंचेचाळिशीच्या वरचे ड्रायव्हर नकोत. कोंडाजींना सेहेचाळिसावं लागलेलं. एकतीस मार्चला जुना ठेका संपत होता. त्यांच्या वयाला नवीन नोकरी कोण देतं, हे त्यांनी चार ठिकाणी विचारून पाहिलं होतं. चारही ठिकाणी चहा मिळाला.

अशात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ऑडिटरचा मेल आला.

कारखान्याला कोणकोणते कायदे लागू आहेत आणि आपण ते कसे पाळतो याची एक यादी ठेवावी लागते. तिला लीगल रजिस्टर म्हणतात. आपल्या कारखान्याची यादी तीन वर्षांपूर्वी एका सल्लागाराकडून आली होती. दोनशे चौदा ओळी. धुराडं, सांडपाणी, कँटीन, आगीचे बंब, सगळं होतं. फक्त ती यादी मुळात बंदर चालवणाऱ्या एका कंपनीसाठी केलेली होती. कुणीतरी तिच्यातलं जुनं नाव काढून एका फटक्यात आपल्या कंपनीचं नाव घातलं, प्रत्येक ओळीपुढे 'लागू : होय, पालन : शंभर टक्के' असं टाकलं आणि प्लांटहेड साहेबांनी सही केली. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा सही केली. पहिल्या वर्षी आपण वाचलं असणारच, असं त्यांना वाटलं. तिसऱ्या वर्षी तर खात्रीच झाली.

ऑडिटरने कळवलं होतं की यंदा मी दर अकरावी ओळ तपासणार आहे. सिस्टीम विभागातला तरुण इंजिनीअर निरंजन बोटांवर मोजत बसला. अकरा, बावीस, तेहेतीस. बहुतेक ओळी कोणत्याही कारखान्याला चालल्या असत्या. एकशे चाळीस ते एकशे सत्तेचाळीस या मात्र खाऱ्या पाण्यातल्या होत्या आणि अकरा तेरे एकशे त्रेचाळीस.

त्याने ती ओळ प्लांटहेड साहेबांच्या केबिनमध्ये मोठ्याने वाचली. "बंदरात टपाल घेऊन येणाऱ्या जहाजाच्या कप्तानाने ते टपाल विनाविलंब पोस्ट कार्यालयाच्या स्वाधीन करावे व पावती घ्यावी. पावती मिळताच कप्तान पुढील जबाबदारीतून मुक्त होईल. एकही पत्र जहाजावर मागे ठेवू नये. लागू : होय. पालन : शंभर टक्के. जबाबदार व्यक्ती : कप्तान."

ज्या जुन्या कायद्यावरून हे घेतलं होतं त्याच्या जागीही आता नवा कायदा आलेला. पण रजिस्टर तिथवर पोचलं नव्हतं.

"काढून टाक ती ओळ," साहेब म्हणाले.

"काढायची तर बदलाचा फॉर्म भरावा लागेल, सर. कारण काय लिहू?"

"लिही, आपल्याकडे जहाज नाही."

"मग तीन वर्षं शंभर टक्के पालन कसं केलं, असं विचारतील."

साहेबांनी खाली आपली सही पाहिली. मग शेजारची. मग तिच्या शेजारची.

"जहाज आहे," ते म्हणाले. "कप्तान शोध."

कप्तान व्हायला कुणी तयार होईना. स्टोअरचे रंगराव म्हणाले, "उद्या जहाज बुडालं तर माझी ग्रॅच्युइटी अडकायची, राव. दोन वर्षं राहिलीत." सिक्युरिटीच्या अधिकाऱ्याने गणवेश मिळेल का विचारलं आणि नाही म्हटल्यावर नकार दिला. शेवटी फोर्कलिफ्ट चालवणारा पिंटू, जो स्वतःही ठेक्यावरचाच होता, चहाच्या टपरीवर निरंजनला म्हणाला, "सर, टपाल कोण आणतं आपल्याकडं? कोंडाजीमामा. मग डोकं कशाला लावायलाय?"

अडचण एकच होती. त्याच रजिस्टरच्या नवव्या ओळीत लिहिलं होतं की कायदेशीर जबाबदारी ठेक्यावरच्या माणसाला देता येणार नाही. आणि नववी ओळ खरोखरच लागू होती.

एचआरच्या विजयश्री मॅडमनी कोंडाजींना बोलावलं. "मामा, मंगळवारी ऑडिट आहे. एकशे त्रेचाळीसवर शेरा आला नाही, तर एक एप्रिलपासून तुम्ही कंपनीच्या हजेरीपटावर. ऑर्डर मी टाइप करून ठेवते. शेरा आला, तर मग मला काही करता येणार नाही."

"म्हंजे एकतीसला घरी."

"म्हणजे एकतीसला घरी."

कोंडाजींनी थोडा विचार केला. "मॅडम, कप्तानाला पवता यावं लागतं का?"

मॅडमनी ओळ पुन्हा वाचली. "तसं काही लिहिलेलं नाही."

"मग हाय मी कप्तान."

संध्याकाळी मेदनकरवाडीच्या खोलीवर त्यांनी ही गोष्ट शालनबाईंना सांगितली. शालनबाई दिवसभर चाकणच्या मार्केटात कांदा निवडून आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, पण जहाज कुठंय?"

"आपला छोटा हत्ती."

"आन् बंदर?"

"गेट नंबर दोन."

"आन् समुद्र?"

"त्ये अजून ठरलं न्हाई."

"ठरलं की सांगा," शालनबाई म्हणाल्या. "येताना बोंबील आणा. आन् कायमच्या कागदावर सही झाल्याबिगर कुणाला सांगू नका. ह्या शेजारणी भरतीच्या आधीच ओहोटी लावतात."

निरंजनने मन लावून कागद तयार केले. जहाज म्हणजे अमुक नंबरचं वाहन. बंदर म्हणजे गेट क्रमांक दोन. मार्गात पाणी लागतं का, या रकान्यात त्याने 'होय, इंद्रायणी' असं लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाला. कोंडाजींनी मात्र त्याला ती ओळ तीनदा वाचायला लावली आणि प्रत्येक वेळी मान डोलावली.

"किती चांगलं लिवलंय, सर. पत्र मागं ठिवू नये. आमच्या गावाकडच्या त्या गड्याला कुणी वाचून दावायला पायजे हुतं."

"मामा, तुम्ही फक्त विचारलं तेवढं सांगायचं."

"आन् जहाज तपासायला नगं? एकबी पत्र मागं ठिवू नये म्हनलंय."

"काय मागे राहणार आहे, मामा?"

शनिवारी दुपारी कोंडाजींनी गेट नंबर दोनशेजारी गाडी उभी केली, पाना आणला आणि ड्रायव्हरची सीट खोलली. सीटखाली एक कंगवा निघाला, उदबत्तीचा पुडा, चार बिजागऱ्या, रंगरावांचा हरवलेला पेन. आणि मागच्या पत्र्याला चिकटून उभं राहिलेलं, धुळीने तपकिरी झालेलं एक जाड पाकीट.

कोंडाजी उकिडवे बसले होते ते तसेच खाली बसले.

पाकीट बंद होतं. वर प्लांटहेड साहेबांचं नाव, कारखान्याचा पत्ता, तीन वर्षांपूर्वीची तारीख. कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : 'लीगल रजिस्टर, दुरुस्त प्रत. चुकून पाठवलेली मागील प्रत रद्द समजावी.' सल्लागाराने ते हेड ऑफिसात नेऊन दिलं होतं, तिथून ते पिशवीत पडलं होतं आणि पिशवीतून सीटमागच्या फटीत.

त्यांनी निरंजनला हाक मारली. निरंजनने पाकिटावरची अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. मग आजूबाजूला पाहिलं.

"मामा, म्हणजे हे पत्र वेळेवर पोचलं असतं, तर एकशे त्रेचाळीस नसती."

"व्हय."

"आणि आता पोचलं, तर एकशे त्रेचाळीस जाईल. कप्तान जाईल. तुम्ही जाल."

"व्हय."

"मी हे पाकीट पाहिलेलं नाही," निरंजन म्हणाला. "मी जेवायला गेलोय. मामा, तीन वर्षं राहिलंय, आणखी आठ दिवसांनी कुणाचं काय बिघडतं? एक तारखेला काढा बाहेर. तोवर निळी दोरी गळ्यात असेल."

तो खरंच जेवायला गेला. कोंडाजी पाकीट मांडीवर घेऊन बसून राहिले. आठ दिवस. पत्र ठेवून घ्यायचं म्हणजे काही वाईट करायचं असंही नाही, नुसतं सीट परत बसवायची. चार नट. पिंटू फोर्कलिफ्टवरून गेला आणि ओरडला, "कप्तान, वारा पडला का?" त्यांना त्या टपालवाल्याचा चेहरा आठवत होता. तो वाईट माणूस नव्हताच. पत्रं देताना म्हणाला होता, आठ-नऊ दिवसांनी काय फरक पडतो, कोंडाजी.

त्यांनी सीट बसवली. पाकीट मात्र खिशात राहिलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ते चाकणच्या पोस्टात गेले. पाकीट थेट साहेबांच्या टेबलावर ठेवता आलं असतं, पण ओळीत तसं नव्हतं. ओळीत पोस्ट कार्यालय होतं. काउंटरवर सुभद्राबाई म्हणून चष्मा लावलेल्या एक बाई होत्या.

"काय पाठवायचंय?"

"पाठवायचं न्हाई. सवादीन करायचंय."

"काय?"

"स्वाधीन, बाई. जहाजावर सापडलंय. पावती पायजे."

सुभद्राबाईंनी चष्मा काढून पुसला. "कुठलं जहाज?"

"भायेर लावलंय."

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. छोटा हत्ती दुभाजकाला लागून उभा होता आणि मागे एका कंटेनरवाल्याने हॉर्न धरून ठेवला होता.

"तुम्ही कोण?"

"कप्तान. बिजागरीचा कारखाना."

"अहो दादा, ह्यावर पत्ता दोन किलोमीटरवरचा आहे. तुम्ही तिथंच काम करता. तिथं जाऊन द्या की हातात."

"कायदा तसं म्हनत न्हाई, बाई. अन् माझ्या हातावर इस्वास ठेवून ह्ये तीन वर्षं फसलंय. आता तुमच्याच हाताला जाऊ द्या."

त्यांच्या मागे रांगेत सात माणसं झाली होती. सुभद्राबाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, स्पीड पोस्ट करून टाकलं आणि पावती सरकवली. "झाले तुम्ही मोकळे, कप्तान. जहाज काढा आता, रस्ता तुंबलाय."

मोकळे झाले. अगदी ओळीत लिहिल्यासारखे. मग संध्याकाळी त्यांनी जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचा तुकडा कापून सीटमागची फट बंद केली, आणि तेव्हा कुठे त्यांना भूक लागली.

मंगळवारी ऑडिटर आले. बुद्धरत्न साहेब. शांत माणूस, स्वतःची पाण्याची बाटली स्वतः आणणारा. ते एकेक ओळ विचारत होते आणि समोरून एकेक शंभर टक्के येत होते. सांडपाणी शंभर टक्के. धुराडं शंभर टक्के. तेराव्या खेपेला ते थांबले. ओळ वाचली. बाटलीतलं पाणी प्यायले.

"कप्तान कोण?"

कोंडाजी उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हिरवी दोरी शर्टात खोचलेली.

"जहाज किती टनांचं आहे?"

"साडेसातशे किलो, साहेब. कधीकधी रंगराव हजार भरत्यात."

रंगराव छताकडे पाहू लागले.

"बंदर?"

"गेट नंबर दोन."

"गेल्या तीन वर्षांत एखादं पत्र जहाजावर मागे राहिलं?"

प्लांटहेड साहेबांनी टेबलाखालून नाही अशी खूण केली. विजयश्री मॅडमनी डोळ्यांनी केली. निरंजनने फाइलमध्ये डोकं घातलं.

"राहिलं, साहेब. एक," कोंडाजी म्हणाले. "तीन वर्षं राहिलं. माझ्याच सीटमागं. शनवारी गावलं, काल पोस्टात दिलं. ही पावती."

बुद्धरत्न साहेबांनी पावती उलटून पाहिली, तारीख पाहिली, शिक्का पाहिला.

"कसलं पत्र होतं?"

"आत काय हाय ते म्हाईत न्हाई. कप्तानानं फोडायचं नसतं. भायेर लिवलंय ते वाचलं. त्येच्यानं माझं नुकसानच हाय, साहेब, पर पत्र काय माझं नव्हतं."

"का राहिलं?"

"पिशवीचं तोंड ढिलं."

"का ढिलं?"

"बंद तुटलेला."

"मग?"

"बंद शिवला. फट हुती ती पट्ट्यानं बुजवली. चला, दावतो."

बुद्धरत्न साहेब उठले. दिवसभरात पहिल्यांदाच. गेट नंबर दोनवर जाऊन त्यांनी जहाजाच्या सीटमागे हात घालून पाहिला, पट्टा ओढून पाहिला आणि फोटो काढला. परतताना निरंजन त्यांच्या बरोबरीने चालत होता. त्याला राहवेना. "सर, एक सांगू का? चाकणला समुद्र नाही."

"मला माहीत आहे," बुद्धरत्न साहेब म्हणाले. "माझ्या फॉर्ममध्ये ते लिहायला जागा नाही."

शेवटच्या बैठकीत त्यांनी निकाल वाचून दाखवला. "एकोणीस ओळी पाहिल्या. अठरा ओळींत तीन वर्षांत एकही चूक नाही. असं कुठल्याही कारखान्यात होत नाही, त्यामुळे त्या अठरा मी पुढच्या महिन्यात येऊन पुन्हा पाहीन. एकशे त्रेचाळीसमध्ये एक चूक झाली, शोधली, कबूल केली, दुरुस्त केली, पुरावा ठेवला. शेरा नाही. उत्तम. पुढच्या वर्षी ही ओळ मी सगळ्यात आधी पाहणार आहे."

कोंडाजींना उत्तम एवढंच कळलं आणि तेवढं त्यांना पुरलं. पण ऑर्डरवर अजून सही व्हायची होती आणि पाकीट अजून वाटेत होतं.

ते गुरुवारी आलं. दोन किलोमीटरला तीन दिवस लागले, कारण ते आधी पुण्याला जाऊन आलं. पोस्टमनने ते गेट नंबर दोनवर दिलं आणि वॉचमनने नव्या नियमाप्रमाणे कप्तानाला बोलावलं. म्हणून ते पाकीट साहेबांच्या टेबलावर कोंडाजींनीच नेऊन ठेवलं.

केबिनमध्ये विजयश्री मॅडम बसल्या होत्या. साहेबांच्या पुढ्यात कोंडाजींची ऑर्डर होती, पेनाचं टोपण काढलेलं होतं. साहेबांनी आधी पाकीट फोडलं. वाचलं. आतून एकसष्ट ओळींची एक आटोपशीर यादी निघाली. तीत बिजागऱ्या होत्या, प्रेस मशीन होती, समुद्र नव्हता.

"कोंडाजी," साहेब म्हणाले, "हे पत्र तीन वर्षं उशिरा आलं."

"व्हय साहेब. माझी चूक."

"यात काय आहे माहीत होतं तुम्हाला?"

"वर लिवलेलं वाचलं हुतं. मागली रद्द."

"म्हणजे तुमची ओळ रद्द."

"व्हय."

"तरी आणून दिलंत."

"तुमचं नाव हुतं त्येच्यावर," कोंडाजी म्हणाले. "पोच लिवून देता का, साहेब? म्हंजे मी मोकळा."

साहेबांनी पोच लिहून दिली. मग एका हाताला एकसष्ट ओळी ठेवल्या, दुसऱ्या हाताला ऑडिटरचा अहवाल, ज्यात 'उत्तम' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. कारखान्याच्या इतिहासात असा शब्द पहिल्यांदाच आला होता आणि तो एका जहाजामुळे आला होता. कोंडाजी दाराशी उभे राहून हिरवी दोरी बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

"मॅडम," साहेब शेवटी म्हणाले, "निरंजनला सांगा, ही नवी यादी जुन्या यादीच्या खाली जोड. दोनशे चौदा आणि एकसष्ट."

"दोनशे पंचाहत्तर," मॅडम म्हणाल्या. "आणि जुन्यातलं काय काढायचं, सर?"

"काही काढायचं नाही. पुढच्या वर्षी तो माणूस येऊन आधी जहाजच बघणार आहे." आणि त्यांनी ऑर्डरवर सही केली. या वेळी पूर्ण वाचून. वाचायला त्यांना इतका वेळ लागला की कोंडाजींना वाटलं, काहीतरी चुकलं.

एक एप्रिलला निळी दोरी मिळाली. ओळखपत्रावर छापलं होतं : 'कोंडाजी हुंबे, कप्तान (टपाल)'. शालनबाईंनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, दाताखाली धरून पाहावं असं त्यांना वाटलं असावं, पण त्यांनी पदराने पुसून परत दिलं आणि म्हणाल्या, "आता कायम झालात ना? मग पुढच्या सहलीला मला समुद्र दावा. कप्तानाची बायको हाय मी."

कारखान्यात दुसऱ्याच दिवशी एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. ठेक्यावरची माणसं जेवणाच्या सुट्टीत निरंजनच्या टेबलाभोवती उभी राहून लीगल रजिस्टर वाचू लागली. एकशे चाळीस ते एकशे सत्तेचाळीस ही पानं हाताळून काळी पडली. पाणबुड्याच्या ओळीसाठी तिघांनी नावं दिली.

पिंटू संध्याकाळी गेट नंबर दोनवर आला. कोंडाजी गाडी बंद करून, रोजच्याप्रमाणे सीटमागे हात घालून चाचपत होते.

"मामा," पिंटू आवाज खाली करून म्हणाला, "एकशे चव्वेचाळीस दीपगृहाची हाय. जबाबदार व्यक्तीचा रकाना मोकळा हाय. जमंल का मला?"

कोंडाजींनी हात बाहेर काढला. बोटांना फक्त धूळ होती. त्यांनी मान वर करून गेटच्या खांबाकडे पाहिलं.

"ह्यो हॅलोजन तीन महिने झालं बंद हाय," ते म्हणाले. "आदी त्यो चालू कर. ऑडिटर पुरावा मागतो."